एमएस १८० चेनसॉ: कोणता पार्ट कधी बदलला, कसं ओळखायचं?

सुपारीबाग (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

स्टिल कंपनीची एमएस १८० ही छोटी चेनसॉ (पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत) आमच्या दापोली-मुरूड पट्ट्यात ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर बरीच दिसू लागली. आडव्या झालेल्या सुपाऱ्या, माड आणि आंबे कोयत्या-कुऱ्हाडीने हलणारे नव्हते. कुणी नवी घेतली, कुणी ठेकेदाराकडून वापरलेली. आता त्यातली बरीच मशिनं दुरुस्तीला येऊ लागली आहेत आणि खरा घोळ इथे सुरू होतो.

आमची वापरलेली घेतलेली आहे. पिस्टनला उभे ओरखडे पडले म्हणून ऑनलाइन नवा मागवला. ‘एमएस १८०, ३८ मिमी’ असं पाकिटावर स्वच्छ लिहिलंय. पिस्टन ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडरमध्ये, छान सरकतो, पण गजन पिन (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी पिन) रॉडच्या भोकात जातच नाही, जाड आहे. विक्रेता म्हणतो, ‘एमएस १८० म्हणजे एमएस १८०, त्यात दोन प्रकार नसतात.’

प्रश्न असा: या मॉडेलमध्ये आजवर काय काय बदललं आणि आपलं मशिन त्यातलं कुठलं हे घरबसल्या कसं ओळखायचं? मराठीत हे एका जागी कुठेच सापडलं नाही. ज्याला जेवढं माहीत असेल तेवढं लिहा, मी नंतर नीट जुळवून वर टाकतो.

---

चौकस

जुनी पिन मोजलीत का? आधी तो आकडा द्या.

---

हणमंत_फिटर

दादा, विक्रेत्याला काही माहीत नाही. १८० चे पिस्टन दोन जातीचे येतात. जुन्याला ८ मिमीची पिन, नंतरच्याला १० ची. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, दोन्हीकडे ३८ च. म्हणून पिस्टन वरून गुमान बसतो आणि पिनपाशी अडतो. तुमच्याकडे ८ चा रॉड आहे आणि पाकिटात १० ची पिन आलीय, दुसरं काही नाही.

आणि एक सांगून ठेवतो. या मशिनात रॉड क्रँकवर प्रेस केलेला असतो, सुटा मिळत नाही. ‘रॉडचं भोक मोठं करून देतो’ म्हणणारा मिस्त्री भेटला तर मशिन उचला आणि सरळ घरी या. भोकात नीडल बेअरिंगचा पिंजरा बसतो, त्याची जागा हाताने घासून होत नसते. एकतर ८ चा पिस्टन मागवा, नाहीतर अख्खा क्रँक बदला. पहिलं स्वस्त.

---

टूटी_ऑइल

पत्रिका बघून उपयोग नाही, नाडी जुळली पाहिजे. इथे नाडी म्हणजे गजन पिन. :)

---

नेकारकाठ

मी स्टुटगार्टजवळ राहते. स्टिलचं मुख्यालय वाइब्लिंगेनला, म्हणजे आमच्या शेजारीच. नवऱ्याला जुन्या करवतींचा नाद आहे, त्यामुळे स्वयंपाकघराच्या ओट्यावरसुद्धा कार्बोरेटर सापडतात. थोडं क्रमाने लिहिते.

या मॉडेलचं आधीचं नाव ०१८. तिची धाकटी बहीण ०१७. २००० च्या सुमारास कंपनीने सगळ्या करवतींच्या नावापुढे एमएस लावलं, तेव्हा ०१७ ची एमएस १७० झाली आणि ०१८ ची एमएस १८०. नाव बदललं म्हणून इंजिन त्या दिवशी बदललं असं नाही. त्यामुळे ‘०१८ साठी’ असं लिहिलेला पार्ट दिसला तर तो आपला नाही म्हणून सोडून देऊ नका.

दुसरं, पार्ट नंबर वाचायला शिका. स्टिलचा नंबर अकरा आकड्यांचा असतो, चार-तीन-चार असा तोडलेला. पहिले चार म्हणजे मशिनचं कूळ. ०१७, ०१८, १७०, १८० या चौघींचं कूळ ११३०. मधले तीन म्हणजे मशिनचा कुठला भाग: ०२० म्हणजे सिलिंडर आणि क्रँककेस, ०३० क्रँक आणि पिस्टन, १२० कार्बोरेटर, १६० क्लच, १९० स्टार्टर, ४०० इग्निशन, ६४० ऑइल पंप. शेवटचे चार त्या भागातला नेमका तुकडा. पिस्टन बदलला, पिन जाड झाली, तर पहिले सात आकडे तसेच राहतात आणि शेवटच्या चारात फरक पडतो. तुमच्या दोन पिस्टनांचे नंबर शेजारी ठेवले असते तर फरक तिथेच दिसला असता.

नंबर ९ ने सुरू झाला तर तो स्क्रू, बेअरिंग, ऑइल सील असला सर्वसाधारण माल. ९५०३ बेअरिंग, ९६४० ऑइल सील. हे मापावर जातात, त्यामुळे एकच सील वेगवेगळ्या मॉडेलांना चालतं.

---

सुपारीबाग

नेकारकाठताई, हे सोनं आहे. हणमंतदादा, पिन आज मोजतो.

एक शंका. मग वर्षाप्रमाणे तक्ता करता येईल का? म्हणजे अमुक सालापर्यंत ८, पुढे १०?

---

सह्यकडा

नाही करता येणार, आणि करूही नये असं माझं स्पष्ट मत.

साल कुठलं धरणार? बिलावरचं? डीलरकडे माल पडून राहतो. कारखान्यातून निघालेलं साल? तिथेही नवा पार्ट आला की जुना साठा फेकून देत नाहीत. पुढे मशिन दहा हातांतून जातं आणि प्रत्येक हात काहीतरी बदलतो. सालाचा तक्ता केलात तर लोक तो बघून ऑर्डर देतील आणि पुन्हा याच घोळात पडतील. मोजायचं आणि मागवायचं. संपलं.

---

नेकारकाठ

सालाबद्दल सहमत, पण ‘संपलं’ला नाही. कंपनी स्वतः बदल सालाने नाही, मशिन नंबराने नोंदवते. डीलरकडच्या पार्ट लिस्टमध्ये चित्राखाली टीप असते, अमुक मशिन नंबरापर्यंत हा पार्ट, तिथून पुढे तो. नंबर क्रँककेसवर ठोकलेला असतो, नऊ आकडी. माती आणि तेलाखाली दडलेला असतो, ब्रशने घासा. पहिला आकडा कारखान्याचा: १ असेल तर जर्मनी, २ अमेरिका, ३ ब्राझील. म्हणून डीलरला पूर्ण नंबर द्या, नुसतं ‘१८०’ सांगू नका.

मोजमापाने तुमच्या हातातला तुकडा कळतो. पण उद्या मशिन न उघडता पार्ट मागवायचा असेल तर नंबरच कामाला येतो.

---

सह्यकडा

आणि मधे कुणी क्रँक बदललेला असेल तर? नंबर जुना, आतला रॉड १० चा. तेव्हा तुमची पार्ट लिस्ट खोटी पडते. आमच्या भागात बंद पडलेल्या दोन मशिनांतून एक चालू मशिन बनवायची पद्धत आहे. नंबर हा मशिनच्या जन्माचा दाखला. नंतर काय काय झालं ते त्यात नसतं.

---

हणमंत_फिटर

दोघांचंही बरोबर आहे. माझ्याकडे आलेल्या मशिनाचा मी आधी नंबर लिहितो, मग उघडून मोजतो. दोन्ही जुळलं तर मशिन अंगचं आहे. नाही जुळलं तर आधी कुणीतरी हात घातलाय. मग मी बाकीचंही संशयाने बघतो, सील, क्लच, सगळं.

---

मृण्मयी_के

मी चाकणला प्लास्टिक मोल्डिंगमध्ये आहे, तर माझी भर.

मोल्ड केलेल्या बऱ्याच प्लास्टिक पार्टांवर आतल्या बाजूला रुपयाएवढं किंवा त्याहून लहान एक गोल चक्र उमटलेलं असतं. कडेने १ ते १२ आकडे, मधे एक बाण, बाणाच्या दोन्ही बाजूंना वर्षाचा एकेक आकडा. बाण ज्या आकड्याकडे तो महिना. साच्यात एक छोटा फिरता खिळा बसवलेला असतो, महिना बदलला की ऑपरेटर तो पेचकसने फिरवतो. आमच्याकडे ऑडिटला पहिला प्रश्न त्याचाच असतो.

हँडलचा मोठा सांगाडा, स्टार्टरचं झाकण, वरचं फिल्टर कव्हर, सगळं उलटं करून टॉर्चने बघा. सगळ्यांवरची तारीख जवळपास एकच आली तर मशिन एकत्र जन्मलेलं. एकच कव्हर फार पुढचं निघालं तर ते बदललेलं. मशिनचं साल सापडायला याहून सोपी जागा नाही, आणि स्टिकरपेक्षा कितीतरी विश्वासू.

---

टूटी_ऑइल

हे चक्र मी आयुष्यभर डिझाइन समजत होतो. घरातली बादली उलटी करून बघितली. आहे!

---

मृण्मयी_के

बादलीवर, खुर्चीवर, मिक्सरच्या बुडाखाली, सगळीकडे. एकदा दिसलं की मग दिसतच राहतं.

---

वामनराव

आम्ही चेतकवाले. हेडलाइटचा बल्ब घ्यायला गेलं की दुकानदार आधी विचारायचा, ६ व्होल्ट की १२? पॉइंटवाली की इलेक्ट्रॉनिक? नाव एकच, चेतक. पण तेव्हा काउंटरवरच्या माणसाला हे तोंडपाठ असायचं. आज ऑनलाइन विकणाऱ्याला पाकिटात काय आहे तेही ठाऊक नसतं. फरक पार्टात नाही पडला, काउंटरवर पडला.

---

गोंयकार

वामनरावांना अनुमोदन.

मोठ्या मशिनात हीच कथा आहे. स्टिलची ०४४, आमच्या ओळखीच्या वखारीत अजून चालते. तिच्यात आधी १० ची पिन होती, नव्वदीच्या दशकात १२ ची झाली. पुढे तीच एमएस ४४० झाली, तिच्यात १२ च. बोअर ५०, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ३६, दोन्हीकडे सारखे. म्हणजे तुमच्यासारखाच सापळा, फक्त एक माप वर. टाकीची झाकणंही बदलली, आधी पेचकसने फिरवायची, नंतर बोटाने उघडायची. पण झाकण बघून पिन ओळखू नका, झाकणं तर सहज बदलता येतात.

पिन जाड का केली असेल?

---

हणमंत_फिटर

जाड पिन, मोठं नीडल बेअरिंग, भार जास्त जागेवर वाटला जातो. वजन मात्र वाढतं, आणि हे वजन वर-खाली पळणारं असतं. म्हणून जुन्या ०४४ वाले १० च्या पिनेचं मशिन हलकं आणि चपळ म्हणून सोडत नाहीत. हौशी लोक ते शोधत फिरतात.

---

राधिका_प

माझा प्रश्न वेगळा, पण इथेच विचारते. आमच्या एमएस १८० वर ‘२-मिक्स’ लिहिलंय. सासरेबुवांनी एका जुन्या बंद १८० चा कार्बोरेटर काढून ठेवलाय, तो या मशिनला बसेल का?

---

नेकारकाठ

नाही बसणार. हा या मॉडेलमधला सगळ्यात मोठा बदल, पिनेपेक्षाही.

जुन्या इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येताना जळलेला धूर बाहेर ढकलायचं, आणि त्या झटापटीत थोडं ताजं पेट्रोल सायलेन्सरमधून वाया जायचं. २-मिक्समध्ये आधी नुसत्या हवेचा एक थर आत येतो, तो धूर बाहेर ढकलतो, मागून मिश्रण येतं. त्यासाठी हवेची वाट वेगळी लागते. म्हणून कार्बोरेटर वेगळा, मधला रबरी मॅनिफोल्ड वेगळा, सिलिंडरला बाजूच्या वाटा वेगळ्या आणि पिस्टनलाही बाजूला खळगे. हे चारही एकमेकांचे जोडीदार आहेत. त्यातला एक जुना, एक नवा असं चालत नाही.

युरोप-अमेरिकेतले धुराचे नियम कडक होत गेले, त्यातून हे आलं. क्षमता मात्र तीच, ३१.८ सीसी.

---

चौकस

३१.८ हा आकडा कुठून येतो ते लिहून ठेवतो, ओळखायला कामाला येईल. बोअर गुणिले बोअर गुणिले ०.७८५४ गुणिले स्ट्रोक. बोअर ३८, स्ट्रोक २८ धरा, ३१.८ सीसी. बोअर ३७ केला की ३०.१, आणि ती झाली एमएस १७०. दोघींत बाहेरून ओळखण्यासारखं जवळपास स्टिकरच. त्यामुळे वापरलेली ‘१८०’ घेताना प्लग काढून किंवा सायलेन्सर काढून पिस्टन बघा. एका मिलिमीटरवर किंमत फिरते.

---

राधिका_प

धन्यवाद ताई, सासऱ्यांना दाखवलं. ते म्हणतात, ‘मग तो कार्बेटर ठेवतो, कधीतरी लागेल.’ :)

---

टूटी_ऑइल

सगळ्या सासऱ्यांचं एकच वर्कशॉप मॅन्युअल आहे.

---

हणमंत_फिटर

राधिकाताई, ठेवू द्या त्यांना, जुन्या मशिनवाल्याला तो हवाच असतो. त्याच्यावरचा शिक्का वाचा. डब्ल्यूटी-२१५ असेल तर वालब्रोचा, सी१क्यू-एस५७ असेल तर झामाचा. जुन्या १७०-१८० ला दोन्ही कंपन्यांचे यायचे. कार्बोरेटर म्हणून अदलाबदल चालते, पण आतलं डायफ्रामचं किट एकाचं दुसऱ्याला बसत नाही. म्हणून किट मागवताना मशिनचं नाव सांगूच नका, कार्बोरेटरवरचा शिक्का सांगा.

आणि हल्ली किटं फार लागतात. ई२० (२० टक्के इथेनॉलवालं) पेट्रोल महिनोन् महिने टाकीत ठेवलं की डायफ्राम कडक होतो, नळी चिरते. काम झालं की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

---

सह्यकडा

इथेनॉलवर सगळं ढकलायची फॅशन झालीय. अर्ध्या मशिनांचा जीव ऑइलमुळे जातो. मॅन्युअलमध्ये पेट्रोल-ऑइलचं प्रमाण कंपनीच्या ऑइलला ५० ला १ आणि इतर टू-स्ट्रोक ऑइलला २५ ला १ असं दिलंय. लोक पंपावरचं कुठलंही ऑइल घेतात आणि ५० ला १ घालतात. धागाकर्त्यांच्या पिस्टनवरचे उभे ओरखडे मला तिथलेच वाटतात.

---

हणमंत_फिटर

असेलही. पण क्रँककेसला हवा घुसत असेल तरी असेच ओरखडे येतात. पिस्टन टाकण्याआधी ते तपासलंच पाहिजे. खाली लिहितो.

---

गोंयकार

अवांतर: माड कापताना चेन इतकी लवकर बोथट का होते? आंब्याला एवढा त्रास नाही.

---

सुपारीबाग

माडाच्या खोडाची बाहेरची कड फार कठीण असते, आत तंतू आणि वाळूसारखे बारीक कण. वादळात पडलेल्या माडाला वर चिखल-रेती चिकटलेली, ती वेगळीच. आम्ही कापायच्या जागी कोयत्याने साल तासून घेतो आणि मगच चेन लावतो. चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा खोडाला लागू देऊ नका, मशिन तोंडावर उसळतं. मुरगळलेल्या, ताणात अडकलेल्या खोडांवर तर फारच जपून.

---

चौकस

चेनवरून आठवलं, तिच्यातही फरक आहे. या मशिनला ३/८ पिको पिचची चेन, पण ड्राइव्ह लिंकची (पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची) जाडी दोन प्रकारची येते, १.१ आणि १.३ मिमी. १.३ ची चेन १.१ च्या पट्टीच्या खाचेत बसणारच नाही, उलट केलं तर डगमगेल. पट्टीच्या मागच्या टोकाला आकडा कोरलेला असतो. १६ इंची पट्टीला ५५ ड्राइव्ह लिंक, १४ इंचीला ५०. दुकानात जुनी चेनच घेऊन जा.

---

सुपारीबाग

उघडलं मंडळी. सगळं लिहितो.

जुनी पिन ८ मिमी. बोअर ३८. म्हणजे खरी १८०, जुन्या जातीची. क्रँककेसवरचा नंबर १ ने सुरू होतो. कार्बोरेटरवर डब्ल्यूटी-२१५. मृण्मयीताईंचं चक्र हँडलच्या सांगाड्यावर सापडलं आणि स्टार्टरच्या झाकणावरही. झाकण सांगाड्यापेक्षा बरंच पुढच्या सालचं आहे! ‘एमएस १८०’चं स्टिकर त्या झाकणावरच आहे. ठेकेदाराने झाकण बदलून मशिन नवं म्हणून दाखवलेलं दिसतंय. आतलं मात्र सगळं एकमेकांशी जुळतंय.

८ च्या पिनेचा पिस्टन डीलरकडे मशिन नंबर देऊन मागवला. पहिला विक्रेता परत घ्यायला तयार नाही, तो १० चा पिस्टन कुणाला हवा असेल तर कळवा.

ब्लॉकवर मात्र चंदेरी पट्टे दिसताहेत. ब्लॉकही टाकायचा का?

---

हणमंत_फिटर

लगेच टाकू नका. बहुतेक वेळा ते पिस्टनचं ॲल्युमिनियम ब्लॉकला चिकटलेलं असतं. कापसाच्या काडीने संडास साफ करायचं ॲसिड फक्त त्या पट्ट्यावर लावा. हातमोजे, चष्मा, उघड्यावर. फेस येतो, ॲल्युमिनियम विरघळतं. पोर्टाच्या (सिलिंडरमधल्या हवा-धुराच्या भोकांच्या) कडांना लागू देऊ नका, तिथे उघडं ॲल्युमिनियम असतं. फेस थांबला की भरपूर पाण्याने धुवा, पुसून लगेच ऑइल लावा. मग नख फिरवा. नख कुठे अडलं नाही तर ब्लॉक चांगला. कोटिंग सोलून खालचं दिसत असेल तरच नवा.

आता जोडणी. या मशिनाची क्रँककेस उभी दुभंगत नाही. सिलिंडर वर आणि खालचा तवा, मधे क्रँक, बेअरिंग आणि सील चिमटीत धरलेले, चार बोल्ट. गॅस्केट नाही, सीलंट लागतं. जुनं सगळं खरवडून काढा, पृष्ठभाग तेलकट नको, आणि नवं पातळ लावा. जास्त लावलं की आत पिळून येतं आणि बेअरिंगमध्ये जातं. सील नवीन टाका, आता उघडलंच आहे.

जोडल्यावर सायलेन्सर आणि कार्बोरेटरची तोंडं बंद करून अर्धा बार हवा भरा, मग अर्धा बार व्हॅक्यूम. काटा हलला नाही तरच मशिन सुरू करा. सील कधीकधी एकाच दिशेने गळतं, म्हणून दोन्ही बघायचं. हे न करता पिस्टन टाकलात तर नवाही तसाच जाईल.

---

सह्यकडा

हणमंतराव, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा. तक्त्याबद्दल माझं मत मात्र कायम.

---

सुपारीबाग

सह्यकडा, सालाचा तक्ता करत नाही. त्याऐवजी वर एवढंच टाकतो: पिन ८ की १०, बोअर ३७ की ३८, २-मिक्स आहे की नाही, कार्बोरेटरवरचा शिक्का, पट्टीवरची जाडी, मशिन नंबर. ज्याचं मशिन उघडलं जाईल त्याने आपली ओळ खाली जोडावी. पुढेमागे नंबर आणि पिन यांचा मेळ आपोआप दिसेल.

---

सह्यकडा

हे चालेल. माझी ओळ उद्या टाकतो.

---

वामनराव

त्यात ‘झाकणावरची तारीख आणि सांगाड्यावरची तारीख’ हाही रकाना घाला. वापरलेलं घेणाऱ्याला तोच सगळ्यात उपयोगी.

---

गोंयकार

१० चा पिस्टन मला चालेल, पुतण्याकडे नव्या जातीची १८० आहे.

---

नेकारकाठ

गोंयकार, आधी ती २-मिक्स आहे का ते बघा. २-मिक्स असेल तर १० ची पिन असूनही हा पिस्टन चालेलच असं नाही, बाजूचे खळगे आहेत का ते तपासा.

---

गोंयकार

बघतो. फोटो मागवलाय.